मुक्त सॉफ्टवेअरचे राजकारण आणि तुमच्या तपासनिसाचा परवाना

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुम्ही चौघांनी मिळून मराठीसाठी शुद्धलेखन तपासनीस तयार केला आहे. तो सर्वांसाठी खुला करायचा यावर तुमचे एकमत आहे, पण परवान्यावरून घोडे अडले आहे. एकाचे म्हणणे, जवळपास काहीच अटी नसलेला एमआयटी परवाना लावून मोकळे व्हावे, यात राजकारण आणू नये. दुसऱ्याला जीपीएलच हवा (कोड पुढे देणाऱ्याने त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, आणि तेच हक्कही द्यावेत अशी अट घालणारा परवाना), कारण एरवी मोठ्या कंपन्या आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतील अशी त्याला धास्ती आहे. तिसऱ्याचा आग्रह असा की, लष्कराने आणि पाळत ठेवणाऱ्या यंत्रणांनी हे सॉफ्टवेअर वापरू नये, असे कलमच परवान्यात घालावे. तुम्ही स्वतः मात्र मुळाशी जाऊन विचारता की मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ नेमकी कशासाठी आहे, ती डावी की उजवी, आणि सगळे काही क्लाउडवर गेल्यानंतर तिला काही अर्थ उरला आहे का.

परवान्याचे नाव ठरवण्याआधी, ज्याच्यावर अन्याय होण्याची भीती आहे असा कोणता माणूस प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे, हे पाहावे लागेल. पहिल्या मित्राला तुमची लायब्ररी स्वतःच्या प्रकल्पात वापरू पाहणारा प्रोग्रामर दिसतो. अटी जाचक असतील तर तो परत जाईल. दुसऱ्याला तुम्ही चौघे दिसता, म्हणजे ज्यांचे श्रम फुकट जातील ते. तिसऱ्याला ज्याच्यावर पाळत ठेवली जाईल तो अनोळखी माणूस दिसतो. या तिन्ही चिंता खऱ्या आहेत. परंतु चळवळ सुरू झाली ती चौथ्याच माणसासाठी: जो यंत्रासमोर बसून कार्यक्रम (प्रोग्राम) चालवतो, पण तो कसा वागावा हे ठरवण्याचा अधिकार ज्याला नाही, त्या वापरकर्त्यासाठी. हे ध्यानात ठेवले तर तिचे बरेचसे वरवर विचित्र वाटणारे हट्ट उलगडतात. पुढचे विवेचन मी माझ्या कामाच्या अनुभवावरून करतो आहे. ज्या उपकरणांत लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बसवलेली असते त्यांची विक्रीपूर्वी परवान्यांच्या अंगाने तपासणी करणे, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुम्हाला यातून उत्पन्न हवे आहे का, आणि तुमच्यापैकी कोणाच्या मालक कंपनीचा या कोडवर हक्क पोहोचतो का, यावर काही उत्तरे बदलतील. ती जागा येईल तेथे सांगेन.

चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाची घोषणा सप्टेंबर १९८३ मध्ये केली, जाहीरनामा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. चळवळीने सांगितलेली चार स्वातंत्र्ये तुम्हाला ठाऊक असतील: कोणत्याही हेतूने कार्यक्रम चालवणे, तो कसा चालतो हे तपासून बदलणे, त्याच्या प्रती इतरांना देणे, आणि आपण केलेले बदलही वाटणे. या यादीत काय नाही, तेही पाहा. किंमत नाही, गुणवत्ता नाही, सुरक्षितता नाही, आणि लिहिणाऱ्याला मोबदला मिळावा अशी हमीही नाही. उलट, नव्या व्यवस्थेत प्रोग्रामिंग आजच्याइतके किफायतशीर राहणार नाही, हे जाहीरनाम्यातच मान्य केलेले होते. तेव्हा तुमच्या दुसऱ्या मित्राला सांगा की जीपीएल हा श्रमाचे मोल मिळवून देणारा परवाना नाही. कंपनीने तुमचा कोड घेऊन पैसा कमावला तर त्याला जीपीएलची हरकत नाही. तो कोड पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला स्रोत आणि हक्क मिळाले पाहिजेत, एवढीच त्याची अट आहे.

ही अट प्रत्यक्षात काय करते ते जवळून पाहण्यासारखे आहे. माझ्याकडे एखाद्या पुरवठादाराकडून आलेल्या राउटरच्या किंवा कॅमेऱ्याच्या फर्मवेअरची, म्हणजे आत बसवलेल्या सॉफ्टवेअरची, एकच बायनरी (फक्त यंत्राला वाचता येणारी) फाइल येते. तिच्यातली दाबून भरलेली फाइल सिस्टीम मोकळी केली आणि आतल्या फायलींवर ‘स्ट्रिंग्ज’ ही कमांड चालवली की ओळींच्या गर्दीत बिझीबॉक्स या लिनक्सच्या छोट्या साधनांच्या संचाचे नाव व आवृत्ती दिसते, कर्नेलची (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) आवृत्ती दिसते, तो कोणत्या कंपायलरने बांधला तेही दिसते. मग आम्ही स्रोत मागतो. अनेकदा येते ती कोणालाही इंटरनेटवरून उतरवून घेता येईल अशी मूळ कर्नेलची झिप. त्यात कॉन्फिगरेशनची फाइल नाही, त्या चिपसाठी केलेले बदल नाहीत, स्रोतापासून चालता कार्यक्रम बांधणाऱ्या (बिल्ड) स्क्रिप्ट नाहीत. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतील तिसऱ्या कलमात पूर्ण स्रोताची व्याख्या करताना या स्क्रिप्टचा स्पष्ट उल्लेख आहे, हे पत्रात लिहून पाठवावे लागते, आणि मग काही आठवड्यांनी खरी झिप येते. एवढी यातायात कशासाठी? दोन-तीन वर्षांनी पुरवठादार सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवतो, तेव्हा धडधाकट उपकरण भंगारात जाणार की कोणी तरी ते पुढे चालवणार, हे त्या झिपवर ठरते. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आले, दबावानंतर स्रोत जाहीर झाला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, जो आज शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण तुमच्या पहिल्या मित्रासाठी. अँड्र्यू टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम एमआयटीसारख्याच सैल बीएसडी परवान्याखाली होती. इंटेलने ती आपल्या चिपसेटमधील मॅनेजमेंट इंजिन या संगणकातल्या स्वतंत्र छोट्या संगणकात बसवली, हे २०१७ मध्ये उघड झाले. ज्या संगणकांत हे इंजिन आहे त्यांच्या मालकाला ते नीट तपासता येत नाही आणि बदलता तर येतच नाही. टॅनेनबॉम यांनी इंटेलला खुले पत्र लिहून म्हटले की परवान्यानुसार कळवण्याची सक्ती नव्हती, पण कळवले असते तर बरे वाटले असते. त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती, कारण लेखकाचे काहीच गेले नव्हते; जे गेले ते वापरकर्त्याचे. एमआयटी किंवा बीएसडी परवाना निवडणे मुळीच गैर नाही, पण ‘आम्ही राजकारण केले नाही’ असे त्यानंतर म्हणता येत नाही. मधल्या कंपनीला पुढच्या माणसासाठी दार बंद करण्याची मुभा देणे हीदेखील एक बाजू घेणेच आहे.

आता डाव्या-उजव्याचे. हा प्रश्न तरुण सहकारी वारंवार विचारतात, आणि दरवेळी मला वाटते की तो सोडवण्यापेक्षा बाजूला ठेवणे बरे. स्टॉलमन यांची स्वतःची मते बऱ्याच बाबतींत डावीकडची आहेत. १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन करणाऱ्या दोघांपैकी एरिक रेमंड हे सरकारी हस्तक्षेपाचे कट्टर विरोधक. स्टॉलमन आणि रेमंड दोघेही जवळपास तेच परवाने मान्य करतात. केरळात शाळांच्या संगणकशिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आले त्यामागे शिक्षक संघटना आणि डाव्या पक्षांचे बळ होते हे खरे, पण त्याच सॉफ्टवेअरवर जगभरातले शेअर बाजारही चालतात. आणि चळवळीचे सर्वांत धारदार हत्यार आहे ते कॉपीराइटचा कायदा, म्हणजे बौद्धिक मालमत्तेचा कायदाच; जीपीएलच्या अटी बजावता येतात त्या त्याच्याच जोरावर. स्वीडनच्या पायरेट पार्टीने कॉपीराइटची मुदत पाच वर्षांवर आणण्याची मागणी केली तेव्हा स्टॉलमन यांनी २००९ मध्ये तिच्यातील धोका दाखवून दिला: पाच वर्षांनंतर जीपीएलमधील कोड बंदिस्त कंपन्यांना विनाअट मिळेल, पण बंदिस्त कार्यक्रमांचा स्रोत मात्र गुप्तच राहील, कारण तो मुळात कधी प्रसिद्धच झालेला नसतो. कॉपीराइट कमकुवत करण्याच्या बाजूचा हा माणूस त्या मागणीवर अट घालतो, यात मला विसंगती दिसत नाही. त्याचे लक्ष कायद्यावर नसून वापरकर्त्याच्या हाती काय उरते यावर आहे.

राजकारण हा शब्द संसद आणि महापालिकेच्या अर्थाने घेतला तरी चळवळीला तो टाळता आलेला नाही. भारतात डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने सॉफ्टवेअर-पेटंटची वाट काही अंशी मोकळी केली होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला, सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनीही केला, आणि २००५ च्या पेटंट दुरुस्ती कायद्यात ती तरतूद गळली. कलम ३(के) मधला संगणक-कार्यक्रमांचा अपवाद जुन्या शब्दांत राहिला. त्याच्या अर्थावरून पेटंट कार्यालयात आणि न्यायालयांत आजही खल चालतो, तो भाग वेगळा. म्युनिकची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या शहराने २००३ मध्ये कार्यालयीन संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला, तो होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना आधी भेटले होते, तरीही पुढच्या दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक बदलले गेले. आणि महापौर बदलल्यानंतर २०१७ मध्ये शहराने विंडोजकडे परतण्याचे ठरवले. तांत्रिक अडचणी होत्या, नव्हत्या असे नाही, पण दोन्ही निर्णय सभागृहात झाले.

मुक्त सॉफ्टवेअर आणि ‘ओपन सोर्स’ यांच्यातली १९९८ ची फूट समजून घेतल्याशिवाय तुमच्या पहिल्या मित्राचे ‘राजकारण नको’ कोठून आले हे कळणार नाही. त्या वर्षी जानेवारीत नेटस्केपने आपल्या ब्राउजरचा स्रोत खुला करण्याची घोषणा केली, आणि कंपन्यांच्या व्यवस्थापकांना पटेल अशा भाषेत हे मांडता यावे म्हणून फेब्रुवारीत ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आले. मांडणी अशी की अनेकांच्या नजरेखालून गेलेला कोड चांगला होतो, स्वस्त पडतो, लवकर सुधारतो. या मांडणीने चळवळीला जे मिळवून दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल; माझी नोकरीही त्यातूनच आली. तोटा एवढाच की बंदिस्त कार्यक्रम अधिक चांगला निघाला तर या मांडणीकडे बोलायला काही उरत नाही. लिनक्स कर्नेलच्या बाबतीत ही रेघ स्पष्ट दिसली. टिव्हो या व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये लिनक्स होते, स्रोतही दिलेला होता, पण बदललेला कर्नेल ते यंत्र चालूच देत नसे, कारण त्यावर कंपनीची डिजिटल सही नसे. जून २००७ च्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती वापराच्या उपकरणांपुरती ही पळवाट बुजवली. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांना ते मान्य नव्हते. कोडमधील सुधारणा परत मिळाल्या की देवाणघेवाण पूर्ण झाली, यंत्राने काय चालवावे हा यंत्र बनवणाऱ्याचा प्रश्न, अशी त्यांची भूमिका. म्हणून कर्नेल आजही दुसऱ्या आवृत्तीवरच आहे. एकाच परवान्याखाली काम करणारे दोन पक्ष वेगवेगळ्या माणसाचा विचार करत होते, हे तोपर्यंत झाकलेले होते. या वादात माझा कल स्टॉलमन यांच्याकडे आहे, कारण बदलायला मिळतो पण चालवायला मिळत नाही असा स्रोत माझ्या टेबलावर अनेकदा येतो.

स्टॉलमन यांच्या व्यक्तिमत्त्वाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण कोणी तरी विचारेलच. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांच्या काही विधानांवरून झालेल्या टीकेनंतर त्यांनी फाउंडेशनचे अध्यक्षपद सोडले, आणि मार्च २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतले तेव्हा रेड हॅट या लिनक्स कंपनीने संस्थेची आर्थिक मदत थांबवली. परवान्याचा मजकूर यामुळे बदलत नाही. नैतिक आवाहनावर उभ्या असलेल्या संस्थेची पत मात्र यात कमी झाली, असे माझे मत आहे.

चळवळीला कडवे म्हणणारे एक गोष्ट विसरतात की तिचे उद्दिष्ट ठाम असले तरी डावपेच लवचीक आहेत. ग्नूची रीडलाइन ही लायब्ररी (इतर कार्यक्रमांत जोडण्याचा तयार कोड) मुद्दाम पूर्ण जीपीएलखाली ठेवली गेली, आणि ती वापरता यावी म्हणून क्लिस्प हा लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचा प्रकल्प जीपीएलखाली आला. मात्र ऑग व्हॉर्बिस या ध्वनिस्वरूपाच्या लायब्ररीसाठी २००१ मध्ये बीएसडीसारखा सैल परवाना स्वीकारला गेला तेव्हा स्टॉलमन यांनी त्याला पाठिंबा दिला, कारण तेथे लढा पेटंटांनी जखडलेल्या एमपी३ शी होता आणि नवे स्वरूप शक्य तितक्या उपकरणांत शिरणे महत्त्वाचे होते. तुमच्या तपासनिसाचा निर्णय याच कसोटीवर घ्यायचा आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी तिसऱ्या मित्राचे कलम. त्याची अस्वस्थता मला पटते, उपाय पटत नाही. पहिलेच स्वातंत्र्य ‘कोणत्याही हेतूने’ असे आहे, आणि डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स-वितरणाच्या १९९७ च्या निकषांतही वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करू नये असे कलम आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसॉन या माहिती-स्वरूपाच्या आपल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात ‘सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे’ अशी एक ओळ घातली होती. हेतू निरुपद्रवी, काहीसा गमतीचा. पण डेबियनने तो परवाना मुक्त मानला नाही आणि अनेक मुक्त प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनने २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांना तो वर्ज्य ठरवला. वाईट काय हे कोण ठरवणार, याचे उत्तर कोणत्याही वकिलाकडे नव्हते. २०१९ मध्ये मानवी हक्कांच्या आधारे लिहिलेला हिप्पोक्रॅटिक परवाना याहून गंभीरपणे तयार केलेला होता, तरी त्यालाही मान्यता मिळाली नाही. व्यवहारात होते ते असे की पाळत ठेवणारी यंत्रणा तुमचे कलम वाचत बसत नाही, आणि डेबियनचा तो स्वयंसेवक, जो तुमचा तपासनीस हजारो लोकांपर्यंत पोहोचवणार होता, तो कलम वाचून पॅकेज बाजूला ठेवतो. शिवाय जीपीएल जास्तीच्या अटी लादू देत नाही, त्यामुळे असे कलम असलेला कोड जीपीएलच्या कोडबरोबर एकत्र करता येत नाही. ज्याच्यावर सॉफ्टवेअर चालवले जाते त्या माणसासाठी या चळवळीकडे उत्तर नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. त्यासाठी कायदे, कामगार संघटना, न्यायालये ही वेगळी ठिकाणे आहेत.

क्लाउडचा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणून त्यावर थोडा थांबतो. जीपीएलची अट प्रत दिल्यावर लागू होते. सर्व्हरवर चालवून सेवा विकली तर प्रत दिलीच जात नाही. ही फट नोव्हेंबर २००७ च्या एजीपीएलने, म्हणजे जीपीएलच्या सर्व्हरसाठीच्या भावंडाने, भरली: नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही बदललेला स्रोत मिळाला पाहिजे. २०१८ पासून मात्र वेगळेच नाटक सुरू झाले. मोंगोडीबी, मग २०२१ मध्ये इलॅस्टिक, २०२३ मध्ये हॅशिकॉर्प आणि २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेस व सर्व्हरची साधने बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले परवाने असे बदलले की ते ओपन सोर्सच्या व्याख्येत बसेनात. मोठ्या क्लाउड कंपन्या आमच्या कामावर सेवा विकतात, अशी त्यांची तक्रार. म्हणजे तुमच्या दुसऱ्या मित्राचीच. उत्तर म्हणून ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की असे, जुन्या खुल्या कोडवरून वेगळे चालवलेले प्रकल्प (फाटे) फुटले, आणि इलॅस्टिक व रेडिस यांनी पुढे एजीपीएलचा पर्याय पुन्हा खुला केला. या प्रकरणांत परवान्यापेक्षा एक गोष्ट निर्णायक होती. या कंपन्यांकडे सगळ्या कोडवर हवा तो परवाना लावण्याचा अधिकार होता. बाहेरच्यांचे योगदानही करार करून घेतलेले असे किंवा सैल परवान्याखाली आलेले असे. लिनक्स कर्नेलचे हक्क हजारो लोकांत विखुरलेले आहेत. तो परवाना उद्या कोणाला बदलायचा असला तरी बदलता येणार नाही. मी कोणताही प्रकल्प पारखताना परवान्याच्या आधी हे पाहतो.

श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र यातल्या कशानेच सुटलेला नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष उघड झाला तेव्हा निम्म्या इंटरनेटचा भार मूठभर लोक वाहत असल्याचे दिसले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत मागचे दार (चोरून आत शिरण्याची छुपी वाट) सापडले, तेही थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास संपादन करून बसवलेले. पैसा कोठून येईल हे परवाना ठरवत नाही. त्यासाठी व्यवसायाची आखणी लागते. मुंबईच्या फ्रॅपेने ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळण्याचे सॉफ्टवेअर जीपीएलखाली आणि त्याखालची फ्रेमवर्क एमआयटीखाली ठेवली आहे, आणि ती कंपनी होस्टिंग व सेवांवर चालते. तुम्हाला उत्पन्न हवे असेल तर त्या वाटेचा अभ्यास करा.

तुमच्यापुरते आतापर्यंतचे सार असे: मोबदला आणि गैरवापर हे परवान्याबाहेरचे प्रश्न आहेत, परवान्याने ठरते ते एवढेच की मधला माणूस पुढच्याचे हक्क काढून घेऊ शकतो का.

शुद्धलेखन तपासनीस उपयोगी ठरतो तो लोक जेथे लिहितात तेथे: लिब्रेऑफिसमध्ये, फायरफॉक्समध्ये, फोनच्या कीबोर्डमध्ये. त्यांतले बरेच कीबोर्ड बंदिस्त आहेत. हंगेरियन भाषेसाठी सुरू झालेला आणि आता सर्वत्र वापरला जाणारा हनस्पेल हा तपासनीस एमपीएल (मोझिलाचा परवाना), जीपीएल व एलजीपीएल (जीपीएलचे सैल रूप) अशा तिहेरी परवान्याखाली आहे, म्हणूनच तो लिब्रेऑफिसमध्येही शिरू शकला आणि क्रोममध्येही. मराठीची आजची स्थिती पाहता तुमची लढाई व्हॉर्बिसच्या जातीची आहे, रीडलाइनच्या नव्हे. लोकांना दुसऱ्या तपासनिसाकडे जाण्यापासून अडवण्याइतके बळ तुमच्याकडे अजून नाही. तेव्हा मी एमपीएलची दुसरी आवृत्ती सुचवेन. तुमच्या फायलींत कोणी सुधारणा करून वाटल्या तर त्या फायली खुल्या ठेवाव्या लागतात, बाकीचा कार्यक्रम बंदिस्त असला तरी चालतो, आणि जीपीएलच्या प्रकल्पांशीही ती जुळते. पुढे तुम्ही याची वेबसेवा काढलीत तर त्या सर्व्हरचा कोड वेगळ्या भांडारात (रिपॉझिटरीत) एजीपीएलखाली ठेवा. इतरांचे योगदान घेताना हक्क-हस्तांतराचा करार करू नका. कर्नेलमध्ये चालते तशी, ‘हे मी स्वतः लिहिले आहे किंवा देण्याचा मला अधिकार आहे’ अशा अर्थाची सहीची ओळ प्रत्येक बदलाखाली पुरेशी आहे. नोकरीत असलेल्यांनी आपले नियुक्तिपत्र काढून त्यातले बौद्धिक संपदेचे कलम आजच वाचावे आणि शंका असेल तर मालकाकडून लेखी ना-हरकत घ्यावी.

आणि शब्दयादीचे वेगळे पाहा. तिचा परवाना कोडच्या परवान्यापेक्षा निराळा असू शकतो. यादी विकिपीडियाच्या मजकुरातून काढली असेल तर तो मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय व समान-वाटप परवान्याखाली आहे; त्या परवान्याच्या चौथ्या आवृत्तीतील साहित्य जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आणता येते, एमपीएलखाली नाही. एखादा छापील कोश स्कॅन करून घेतली असेल तर प्रकाशकाला विचारल्याशिवाय ती जाहीर करू नका. कोणता शब्द कोठून आला याची नोंद तुमच्याकडे असेल तर येथे कळवा, म्हणजे यादीसाठी कोणता परवाना लागू पडेल ते नेमके सांगता येईल.